कौतुकाला भिणारे बुवा

"आवडलं? मग घेऊन जा. आता ते तुझंच आहे."

हे वाक्य मी बुवांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या एका हातात त्यांनी दिलेला चहाचा कप होता आणि नजर त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळावर होती. आयर्लंडमधल्या ॲथलोनला राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने चहाला बोलावलं म्हणून आम्ही दोघं नवराबायको गेलो होतो. ऑफिसातल्या एका जाणत्याने मला सांगून ठेवलं होतं, की आयरिश माणसाच्या घरी गेलास तर आधी हवेला नावं ठेव, मग घरातल्या एखाद्या वस्तूचं कौतुक कर, दोस्ती झालीच म्हणून समज. हवेला नावं ठेवून झाली. मग मी म्हणालो, "घड्याळ छान आहे हं तुमचं." बुवा उठले. उंची सहा फुटांच्या वर, त्यामुळे स्टुलाची गरज नव्हती. त्यांनी घड्याळ खिळ्यावरून काढलं, स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

मला वाटलं, बघायला दिलंय. मी ते उलटसुलट करून पाहिलं, मान डोलावली आणि परत द्यायला गेलो, तर वरचं वाक्य. मी नको म्हणालो. आपल्याकडे तीनदा नको म्हणायची पद्धत आहे, मी पाचदा म्हणालो. पण माझ्या प्रत्येक नकाराबरोबर म्हाताऱ्याचा चेहरा आणखी उतरत गेला. शेवटी बायकोने मला कोपराने ढोसलं, आणि चार दिवसांची ओळख असलेल्या माणसांचं घड्याळ काखोटीला मारून आम्ही घरी आलो.

"परत देऊन ये," दार लावल्या लावल्या बायको म्हणाली.

"तू जा ना."

"कौतुक तू केलंस."

घड्याळ काही परत गेलं नाही. त्याऐवजी बायकोने चकल्यांचा डबा भरून दिला. आठवड्याने तो डबा सफरचंदाचा केक घेऊन परत आला. आता भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुम्हाआम्हाला कोणी शिकवावं लागतं का? पण ही सवय त्या दोघांनाही असेल, असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो डबा पुढे वर्षभर कुंपणावरून इकडून तिकडे फिरत राहिला. शंकरपाळे गेले की जॅम यायचा, लाडू गेले की स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव यायचे. मध्येच बायको वैतागून म्हणाली, की एकदा तो डबा फुटू दे, म्हणजे आपण सुटू.

दरम्यान आमच्या घरात त्यांचा टेबललॅम्प आला, छत्री आली आणि शेकोटीतले निखारे उचलायचा एक भला मोठा चिमटाही आला. आमच्या घरात शेकोटीच नाही. शिवाय मी त्याचं कौतुकही केलं नव्हतं, "हे काय असतं?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या घरात गेलो की सरळ जमिनीकडे बघत बसायचो.

त्यांना बुवा हे नाव माझ्या आईने दिलं. आई दर वर्षी होळीच्या सुमाराला सांगलीकडून आमच्याकडे तीन महिने राहायला येते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला शेजाऱ्यांची माहिती दिली, की हे दोघं मिशनरी. तिकडे पॅसिफिक महासागरात एका एवढ्याशा बेटावर बावीस वर्षं राहून आले. ते लोकांना देवाच्या गोष्टी सांगायचे आणि बायको नर्स होती, ती बाळंतपणं करायची.

"म्हंजी कीर्तनकार बुवाच की," आई म्हणाली. "आन बाई सुईन."

झालं. ते बुवा झाले आणि त्या बाई. त्यांची खरी नावं आम्ही फक्त ख्रिसमसच्या कार्डावर लिहायचो.

बुवा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. बारा महिने पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल. मूळचे किलकेनीकडचे, धंद्याने सुतार. देवाधर्माबद्दल आमच्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. मी एकदा खोचकपणे विचारलं, की बावीस वर्षांत किती लोकांना सुधारलंत? ते म्हणाले, "माझ्या उपदेशाने एकही माणूस बदलला नाही. पण मी बांधलेली छपरं टिकली." हे सांगताना त्यांच्या आवाजाला अभिमानाची जी किनार असायची, ती मला आवडायची. बेटावरची घरं पूर्वी ताडासारख्या झाडाच्या पानांनी शाकारलेली असायची, सगळी नारळाच्या काथ्याने बांधलेली, एक खिळा नाही. बुवांनी तिथे पत्रा नेला आणि खिळे नेले. एकेक करून जवळजवळ सगळ्या गावावर पत्रा चढला.

ॲथलोनला वारा सुटला की सगळे घरात पळतात, हे मात्र बाहेर यायचे. अंगणात उभे राहून एकेका घराचं छप्पर निरखायचे. आमच्या मागच्या अंगणातल्या शेडचा पत्रा फडफडायला लागला, तेव्हा मला कळायच्या आत ते त्यावर चढले होते आणि खालून बाई ओरडत होत्या.

आता पुरणपोळीचं सांगतो. होळीला आईने आणि बायकोने मिळून पुरणपोळ्या केल्या आणि बुवा-बाईंना जेवायला बोलावलं. बाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि "ग्रँड, अगदी ग्रँड" म्हणाल्या. बुवांनी पाच खाल्ल्या, वर तुपाचं भांडं पुसून खाल्लं. आई त्यांच्या पाठीमागे उभी राहून तिला येत असलेला एकुलता एक इंग्रजी शब्द वापरत होती, "गुड?" बुवांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "गरम आहे."

मी भाषांतर केलं नाही, पण आईला कळलं. ते गेल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "पाच पोळ्या खाऊनश्यान गरम हाय म्हंतुया व्हय? आरं, आमच्याकडचं कुत्रं बी भाकरी टाकली तर शेपूट हलवतंय."

आईपेक्षा बायकोने ते जास्त मनाला लावून घेतलं. ती जिद्दीला पेटली. तिने त्यांना बिर्याणी खायला घातली. बुवा म्हणाले, "भात आहे." तिने केशर घालून शिरा केला. बुवा दोनदा मागून घेऊन म्हणाले, "पिवळा आहे." श्रीखंडाला ते "थंड आहे" म्हणाले त्या दिवशी बायकोने जाहीर केलं, की यापुढे या माणसाला टोस्ट आणि लोणी. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "तू गप्प बस. तू तर कधी तेवढंही बोलत नाहीस."

उलगडा केला तो बाईंनी. एका दुपारी कुंपणापाशी बायकोचा घुस्सा त्यांच्या लक्षात आला आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्या बेटावर कोणी तुमच्या वस्तूचं कौतुक केलं, की ते मागणं समजतात. मालकाने ती वस्तू देऊन टाकायची. नाही दिली तर तो कद्रू, आणि दिलेली कोणी परत केली तर तो उद्धट. बुवा-बाईंना हे माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बुवांनी एका कोळ्याच्या होडीचं कौतुक केलं. संध्याकाळी होडी यांच्या दारात. त्या कोळ्याने आपल्या हाताने ओढत आणली आणि हसतमुखाने निघून गेला. मग नवी होडी कोरून होईपर्यंत त्याच्या घरात मासा शिजला नाही. नंतर एक डुक्कर आलं. उलट बाजूने लोकांनी यांच्या घड्याळाचं कौतुक केलं, बुटांचं केलं, बाईंच्या शिवणयंत्राचं केलं.

"महिन्याभरात आमच्याकडे फक्त बायबल उरलं," बाई म्हणाल्या. "त्याचं कौतुक कोणी केलं नाही."

त्या होडीपासून बुवांनी कौतुकाचा धसका घेतला. काहीही कितीही आवडलं तरी तोंड उघडायचं नाही. देताना मात्र सढळ हाताने द्यायचं. बावीस वर्षांत ते हाडात मुरलं आणि परत आल्यावरही सुटलं नाही.

"पण पोळी तर आम्ही दिलीच होती ना," बायको म्हणाली. "कौतुक करून आणखी काय जाणार होतं?"

"अगं, तो पोळीला नाही घाबरला," बाई म्हणाल्या. "तो तुझ्या तव्याला घाबरला."

बायकोचा राग तिथेच विरघळला. त्यानंतर बुवा "भात आहे" म्हणाले, की ती खूश होऊन आणखी वाढायची. मलाही तो माणूस जरा जास्तच आवडायला लागला. एवढा मोठा बाप्या, आणि दुसऱ्याची वस्तू जाऊ नये म्हणून जिभेला कुलूप लावून बसलेला.

मग ते चक्रीवादळ आलं.

बातम्यांत त्या बेटाचं नावही धड घेतलं नाही. नकाशावर ढगांचा एक भोवरा दाखवला आणि पुढे खेळाच्या बातम्या सुरू झाल्या. बेटावरचे फोन बंद पडले. जवळजवळ तीन आठवडे कोणाचाच पत्ता लागेना. बुवा दर अर्ध्या तासाने फोन लावायचे, माझ्याकडे येऊन फोनमध्ये बिघाड तर नाही ना विचारायचे आणि पुन्हा लावायचे. त्या तीन आठवड्यांत आमचा डबा त्यांच्याकडेच राहिला. बायको दोनदा जाऊन आली, पण डबा मागितला नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. व्हिडिओ कॉल आला होता आणि आवाज नीट येत नव्हता. मी आवाज ठीक केला आणि तिथेच त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. पलीकडे बेटाचा म्हातारा मुखिया होता. बुवांना पाहून आधी तो खूप हसला, मग बोलायला लागला. मला भाषा कळत नव्हती, पण बाईंनी हातातलं फडकं तोंडावर धरलं ते दिसलं.

कोणी मेलं नव्हतं. पण पत्र्याचं एकही घर उरलं नव्हतं. खिळे तसेच राहिले आणि पत्रे त्यांच्यातून फाटून निघाले, पात्यासारखे गावभर उडाले. त्यातला एक पत्रा एका बाईच्या पायावर आला. पाय वाचला, पण ती आता लंगडते आणि कुठल्याही छपराखाली झोपायला तयार नाही. त्या बाईचा जन्म आमच्या बाईंच्या हातांत झाला होता. गावात पानांनी शाकारलेली, काथ्याने बांधलेली जुनी घरं तीनच उरली होती. ती तिन्ही उभी होती.

बुवांनी मुखियाला काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. बुवांनी पुन्हा तेच विचारलं. मग ते चहाचं पाणी उकळत असताना किटली पुन्हा भरायला उठले.

त्यांनी काय विचारलं ते मला बाईंनी नंतर सांगितलं. बुवांनी विचारलं होतं, की मी तर तुम्हाला जुनी छपरं काढा असं कधीच म्हणालो नव्हतो, मग तुम्ही ती काढलीत कशाला? मुखिया म्हणाला, "तुला आवडली नाहीत म्हणून."

झालं होतं असं. बेटावर नवं घर बांधून झालं की गावजेवण असतं. त्या दिवशी पाहुण्यांनी घराची तोंडभरून स्तुती करायची. त्या एका दिवशी ते मागणं धरत नाहीत, ते आशीर्वाद धरतात. बुवांना कौतुक करायचं नाही एवढं कळलं होतं, कधी करायचंच असतं ते कळलं नव्हतं. असे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले बुवा पहिल्याच गावजेवणाला गेले. ते छप्पर बघून त्या सुताराचं भान हरपलं होतं. बिनखिळ्याची ती बांधणी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि हा गृहस्थ हातात शहाळं घेऊन तोंड मिटून उभा राहिला, मनातल्या मनात स्वतःच्या संयमाची पाठ थोपटत. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. घरमालकाची मान खाली गेली. पुढच्या महिन्यात तोच घरमालक येऊन म्हणाला, की मलाही तुझ्या घरावर आहे तसा पत्रा घालून दे. त्याचं बघून दुसऱ्याने मागितला, मग तिसऱ्याने.

"त्यांना वाटलं, याला लाज वाटते आपल्या घरांची," बाई म्हणाल्या. "आणि याला वाटलं, यांना पत्राच हवाय. तीस वर्षं दोघंही एकमेकांचं मन राखत होते."

 दोन दिवसांनी बुवा आमच्या दारात आले आणि म्हणाले, "मला परत जायचंय. ती छपरं माझ्यामुळे गेली. माझे गुडघे अजून वर्षभर चालतील, नंतरची खात्री नाही." त्यांच्या मागून आलेल्या बाई म्हणाल्या, "आम्हाला जायचंय. एकट्याला कोण सोडतंय."

पण जायचं म्हणजे मिशनच्या डब्लिनमधल्या समितीची परवानगी हवी. समिती सत्तरीपुढच्या माणसाला पाठवत नव्हती. बुवांनी तीन पत्रं लिहिली तेव्हा कुठे ऑनलाइन मुलाखत द्यायला ती तयार झाली. तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी या बाबतीत अनुभवी, माझ्या कंपनीत दर सहा महिन्यांनी अशा मुलाखतीत मी स्वतःची टिमकी वाजवतो. मी बुवांना सांगितलं, की अनुभव ठासून सांगायचा, आपण तिथे काय शिकवणार ते सांगायचं, चुका आपणहून काढायच्या नाहीत. बुवांनी सगळं वहीत लिहून घेतलं.

मुलाखतीच्या दिवशी मी कॅमेऱ्यात न दिसेन असा टेबलाच्या कडेला बसलो. पडद्यावर तिघं होते. बोलत होती ती मधली, वयाने आमच्या बुवांच्या नातीएवढी.

"आपला या क्षेत्रातला अनुभव?" तिने विचारलं.

"तीस वर्षांपूर्वी मी त्या गावावर चुकीची छपरं घातली," बुवा म्हणाले. "ती सगळी उडाली."

मी टेबलाखालून त्यांच्या सँडलवर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"मग आता आपण तिथल्या लोकांना काय शिकवणार?"

"काही नाही. बांधणी त्यांना येते. म्हाताऱ्यांना येते, ते मेले की कोणालाच येणार नाही. ते शिकवतील, मी शिकेन."

"म्हणजे आपली नेमकी भूमिका काय असेल?"

बुवांनी वहीत बघितलं. मी लिहून दिलेलं त्यातलं काहीही त्यांना चालेना. "दोर धरेन," ते म्हणाले. "एकाने दोर ताणून धरावाच लागतो. आणि क्षमा मागायची आहे. ती पत्राने मागता येत नाही."

ती मुलगी बाजूच्या दोघांकडे वळली. मग तिने आवाज बंद केला आणि तिघं आपसात बोलत राहिले. मी कपाळाला हात लावला. गेलं, संपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या मुलाखतीत नापास झालो असतो तरी इतकं वाईट वाटलं नसतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सहा महिन्यांची परवानगी. अट एकच, की बुवा शिडीवर चढणार नाहीत. तसं त्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं आणि बाईंनी जामीन राहायचं.

त्या वर्षी आई आली तेव्हा शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबाला बांबू आडवा लावून बुवा गाठींचा सराव करत होते. आईने कुंपणावरून दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. तिच्या माहेरी रानात सपार, म्हणजे पानापाचटाचं झोपडं होतं, ते तिचे वडील दर साली शाकारायचे आणि ही खालून दोर द्यायची. ती सरळ त्यांच्या अंगणात गेली आणि त्यांच्या हातातला दोर काढून घेतला.

"अवो बुवा, आशानं वारं आलं की सुटंल की समदं. दोन येढं मारा, मंग आत घाला, मंग वडा. हां, आसं."

बुवांना मराठीतलं 'चहा' सोडून काही येत नव्हतं. पण ते "येस, येस" म्हणत होते आणि तसंच करत होते. आठवडाभर दोघांचं हे चाललं. आई घरी येऊन सांगायची, "मानूस आडानी हाय, पर शिकंल."

निघायच्या आदल्या दिवशी बुवा एकटे आमच्याकडे आले. चहा घेतला. कप खाली ठेवून माझ्या बायकोकडे वळले आणि घसा साफ केला.

"तू होळीला करतेस त्या पोळ्या," ते म्हणाले, "तशी चीज मी चौऱ्याहत्तर वर्षांत खाल्ली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. बिर्याणीही तशीच. शिराही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

बायको स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली. ती आली ती लोखंडी तवा घेऊन. तिच्या आईने लग्नात दिलेला, इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. तिने तो बुवांच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आता तो तुमचाच आहे."

बुवांनी एकदाही नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्या तव्यापायी बाईंचे दोन स्वेटर बॅगेतून बाहेर काढावे लागले, ते त्यांनी एकावर एक अंगात घातले. बुवांची आयुष्यभराची चीजवस्तू एका बॅगेत मावली होती. बाकी सगळं, तुम्ही ओळखलं असेल, आमच्या घरात होतं.

ते गेल्यावर आम्हाला करमेना. शेजारचं घर बंद. कुंपणाशी कोणी नाही. बाईंचे मेसेज यायचे, त्यावर आमचं चाललं होतं. एकदा त्यांनी लिहिलं, की बुवा दिलेला शब्द पाळताहेत, शिडीला हात लावत नाहीत. नारळाच्या खोडाला खाचा पाडून त्यावरून चढतात आणि ही शिडी नाही म्हणतात. एकदा लिहिलं, की पहिलं घर बांधून झालं, त्या लंगडणाऱ्या बाईचं. गावजेवणाला बुवा स्तुती करायला उभे राहिले ते बसेचनात. तीस वर्षांची थकबाकी होती. त्यांनी त्या घराची केली, मग उरलेल्या तीन जुन्या घरांची, मग पडून गेलेल्या एकेका घराची मालकाचं नाव घेऊन केली. जेवण गार झालं. पहिल्या गावजेवणातला तो घरमालक आता फार म्हातारा झालाय. त्याने ऐकून घेतलं, रडून घेतलं आणि मग बुवांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

पण ती बाई काही त्या घरात राहायला गेली नाही. घर आवडलं म्हणाली, आणि शाळेच्या ओट्यावर उघड्यावरच झोपत राहिली. बुवांनी तिला आग्रह केला नाही. त्यांना तो हक्क नाही, असं ते बाईंना म्हणाले. पुढे घरं होत गेली, दुसरं झालं, चौथं झालं, आणि बुवा मात्र रोज त्या पहिल्या रिकाम्या घराच्या गाठी तपासायचे.

डिसेंबरात बाईंचा मेसेज आला, की पुन्हा वादळाचा इशारा आहे. गेल्या वेळेएवढं मोठं नाही, पण मोठं आहे. गावातली लहान मुलं आणि म्हातारे शाळेच्या पक्क्या खोलीत जाणार आहेत. मुखिया आम्हालाही चला म्हणतोय. पण याने त्या बाईला सांगितलंय, की तू शाळेत जा, आज तुझ्या घरात मी झोपतो. सकाळी छप्पर जागेवर असेल तर बघ यायचं का. मीही याच्याबरोबर आहे, काळजी करू नका.

काळजी करू नका म्हणे. मी फोन लावला तर फोन बंद. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी काय काम केलं मला आठवत नाही. त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला होता, की तो समोर असता तर मी त्याला बखोट धरून शाळेत नेऊन बसवला असता. अहो, छप्पर उडालं तर उडालं, पुन्हा बांधता येतं. पण हे मी कोणाला सांगणार? संध्याकाळी घरी आलो तर बायको मेथी निवडत बसली होती, पानं आणि देठं एकाच ताटात टाकत होती. सांगलीहून आईचा दोनदा फोन येऊन गेला होता. गाठी तिने शिकवल्या होत्या ना, तिचा जीव टांगणीला लागला होता.

सहाच्या सुमाराला बायकोचा फोन वाजला. तिने मेसेज आधी मनात वाचला, मग मला वाचून दाखवला. तो जसाच्या तसा सांगतो.

"छप्पर आहे. चार पानं गेली, गाठ एकही सुटली नाही. हा रात्रभर वर बघत जागा होता, उजाडल्यावर बसल्या जागी झोपला. नंतर ती आली. दारात उभी राहून खूप वेळ वर बघत होती. तिने याला उठवलं नाही. याच्या शेजारी चटई टाकली आणि आडवी झाली. आता दोघंही घोरताहेत. मी बाहेर येऊन बसलेय, आत आवाज फार आहे."